अंध आणि कर्णबधिर विद्यार्थ्यांपर्यंत पोचणाऱ्या स्लाइड: भूगोलाच्या एका प्राध्यापकांना उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयात भूगोल शिकवणाऱ्या एका प्राध्यापकांच्या द्वितीय वर्ष कलाशाखेच्या वर्गात यंदा एक पूर्ण अंध विद्यार्थी आणि एक श्रवणयंत्र वापरणारी विद्यार्थिनी आहे. शिकवणं पॉवरपॉइंटवर, मराठीतून. त्यांनी विचारलंय की वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागेल का, वर्षानुवर्षांच्या स्लाइड टाकून द्यायच्या का, आणि अंध मुलाला नकाशा शिकवायचा तरी कसा. प्राचार्यांनी 'यासंबंधी काही नियम आहे का' असंही विचारलंय.

सर, विकत काहीही घेऊ नका. लागतं ते सगळं पॉवरपॉइंटमध्ये आधीपासून आहे, आणि त्या मुलाकडे बहुधा त्याचं साधन असेलच: लॅपटॉपवर एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर, नाहीतर अँड्रॉइड फोनमधला टॉकबॅक. तुम्हाला समजून घ्यायचंय ते एवढंच की त्याचं यंत्र तुमची स्लाइड कशी वाचतं. स्क्रीन रीडर स्लाइडचं चित्र बघत नाही. फाईलच्या आत मजकुराचे जे तुकडे आहेत ते तो एकापाठोपाठ एक बोलून दाखवतो. म्हणून भिंतीवरच्या पडद्यावर तुम्ही काय दाखवता त्याचा त्या मुलाला काहीच उपयोग नाही. ऑनलाइन तासाला झूमवर किंवा मीटवर तुम्ही स्क्रीन शेअर करता तेव्हाही पलीकडे जातं ते फक्त हलतं चित्र, त्यातलं एक अक्षरही त्याच्या यंत्राला वाचता येत नाही. त्याला फाईलच हवी, आणि तीही तासाच्या आधी.

हे सगळ्यात मोठं काम आहे आणि त्याला दोन मिनिटं लागतात. आदल्या संध्याकाळी फाईल पाठवून द्या. म्हणजे तो घरी ऐकून येईल, वर्गात एका कानात इअरफोन घालून तुमच्याबरोबर एकेक स्लाइड पुढे नेईल. एनव्हीडीए वापरत असेल तर स्लाइड शो चालू असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस या कळा एकत्र दाबून त्याला तुम्ही खाली नोट्समध्ये लिहिलेलंही ऐकता येतं. तेव्हा स्लाइडवर मावत नाही ते नोट्समध्ये लिहा. आधी फाईल दिली तर मुलं वर्गात येत नाहीत, ही शिक्षकांची भीती मी बऱ्याचदा ऐकते. ज्या तासात स्लाइडवर आहे तेवढंच वाचून दाखवलं जातं त्या तासाबाबत ती खरी असेलही. पण त्या भीतीपायी एका विद्यार्थ्याला पुस्तकाविना बसवणं मला मान्य नाही.

आता तुमच्या स्लाइडमधली जी अडचण मराठीतच येते आणि इंग्रजी मार्गदर्शिकांमध्ये सापडत नाही, तिच्याकडे येते. तुमच्या जुन्या स्लाइड कोणत्या फॉन्टमध्ये आहेत? कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपीचे जुने फॉन्ट, योगेश, सुरेख यांपैकी काही असेल तर त्या फाईलमध्ये मराठी नाहीच. या फॉन्टमध्ये आत इंग्रजी अक्षरं साठवलेली असतात, त्यांच्यावर देवनागरीचे आकार चढवलेले असतात. कृतिदेवात 'भारत' असं दिसतं तेव्हा फाईलमध्ये एच, के, के, जे, आर ही पाच रोमन अक्षरं असतात. डोळस माणसाला भारत दिसतो, अंध विद्यार्थ्याला 'एच के के जे आर' ऐकू येतं. पूर्ण स्लाइड, पूर्ण प्रकरण तसंच. मराठी माध्यमातल्या अंध मुलांच्या वाट्याला जे निरुपयोगी साहित्य आलं त्यातलं कितीतरी या एकाच कारणाने आलं, आणि देणाऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता. पडद्यावर तर सगळं ठीक दिसत असतं.

तपासायची रीत सोपी आहे. स्लाइडवरचं एक वाक्य उचलून नोटपॅडमध्ये किंवा व्हॉट्सॲपमध्ये चिकटवा. मराठीच राहिलं तर तो युनिकोड मजकूर, म्हणजे आतही खरी देवनागरी अक्षरंच साठवलेला, इंग्रजी अक्षरांचा गोंधळ झाला तर जुना फॉन्ट. रूपांतर करून देणारी मोफत साधनं इंटरनेटवर आहेत, त्यांनी काम बरंच हलकं होतं, पण त्यांच्यावर सोडून देऊ नका. रफार जागचा हलतो, 'ऱ्या'सारखी जोडाक्षरं तुटतात, आणि मजकुरात मध्येच आलेले खरे इंग्रजी शब्द व आकडेही रूपांतराच्या तावडीत सापडून बिघडतात. भूगोलात आकडेच महत्त्वाचे, म्हणून ते मूळ स्लाइडशी ताडून बघा. पुढचं सगळं टंकन निर्मला यूआय, मंगल, नोटो सान्स देवनागरी, मुक्त अशा युनिकोड फॉन्टमध्येच करा.

त्याला जोडूनच एक छोटी गोष्ट. मजकूर निवडून रिव्ह्यू टॅबमधून त्याची भाषा मराठी ठरवा. ती इंग्रजी राहिली तर काही स्क्रीन रीडर मराठी मजकूर इंग्रजी आवाजाकडे सोपवतात आणि तो आवाज देवनागरी गाळतो किंवा सुटी सुटी अक्षरं म्हणतो. एनव्हीडीएबरोबर येणाऱ्या ईस्पीक या मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रणालीत मराठी आहे. आवाज यांत्रिक आहे, पण सरावाने मुलं तो आपल्याला कळणारही नाही इतक्या वेगाने ऐकतात. संक्षेप मात्र पूर्ण लिहा. 'मि.मी.' ऐवजी 'मिलिमीटर', 'द.प.' ऐवजी 'दक्षिण-पश्चिम'.

फॉन्टनंतर रचना. बहुतेक शिक्षक कोरी स्लाइड घेतात आणि तिच्यावर इन्सर्टमधून टेक्स्ट बॉक्स टाकत जातात. दिसायला त्यात काही वावगं नसतं. पण त्या स्लाइडला शीर्षक आहे हे यंत्राला कळत नाही, कारण ठळक मोठी अक्षरं म्हणजे शीर्षक हा अंदाज डोळ्यांचा. त्याऐवजी लेआउटमधून शीर्षक आणि मजकूर यांच्या तयार चौकटी असलेली स्लाइड निवडा आणि त्या चौकटींतच लिहा. व्ह्यूमध्ये आउटलाइन व्ह्यू उघडून बघितलंत की लगेच कळेल: चौकटींत लिहिलेलं तिथे क्रमाने दिसतं, टेक्स्ट बॉक्समधलं दिसतच नाही. आउटलाइन वाचून तुमचा धडा समजत असेल तर त्या मुलालाही तो बराचसा समजेल. मी कोणाचीही फाईल तपासायला घेतली की आधी हेच उघडते.

प्रत्येक स्लाइडला शीर्षक हवं आणि ते वेगळं हवं. अंध विद्यार्थी शीर्षकांवरून उड्या मारत हवी ती स्लाइड शोधतो. लागोपाठ सहा स्लाइडना 'मान्सून' एवढंच नाव असेल तर त्याला प्रत्येक वेळी आत शिरून बघावं लागतं. 'मान्सून: अरबी समुद्राची शाखा', 'मान्सून: परतीचा पाऊस' असं लिहा. एखाद्या स्लाइडवर फक्त नकाशा ठेवायचा असेल आणि शीर्षकाला जागा नसेल, तर नव्या पॉवरपॉइंटमध्ये शीर्षक पडद्याबाहेर लपवून ठेवायची सोय आहे. दिसत नाही, पण वाचलं जातं.

वाचनाचा क्रमही बघा. तुम्ही ज्या क्रमाने वस्तू टाकल्या त्याच क्रमाने त्या वाचल्या जातात, जागेनुसार नाही. आधी नकाशा, मग खालची सूची, आणि शेवटी आठवलं म्हणून वर एक वाक्य, असं केलं असेल तर ते वरचं वाक्य सगळ्यात शेवटी ऐकू येतं. आल्ट आणि एफ १० दाबलं की सिलेक्शन पेन उघडतो. त्यातली यादी खालून वर वाचली जाते, हे लक्षात ठेवा, कारण तिथे हमखास उलटं होतं. तिथे नावं धरून वर-खाली सरकवा. बाण, चौकोन आणि गोल मिळून केलेली जलचक्राची आकृती असेल तर ती सगळी एकत्र गट करून तिला एकच वर्णन द्या. नाहीतर त्याला 'बाण, बाण, आयत, बाण' एवढंच ऐकू येईल.

आणि आता नकाशा. चित्रावर उजवी कळ दाबून ऑल्ट टेक्स्ट निवडलं की शेजारी चौकट उघडते, तिथे लिहिलेलं स्क्रीन रीडर वाचतो. पॉवरपॉइंट कधीकधी आपणहून काहीतरी भरतो, पण बहुधा इंग्रजीत आणि 'नकाशा' याच्या पलीकडे न जाणारं. ते पुसा. काय लिहायचं हे ठरवताना स्वतःला विचारा की हा नकाशा मी या स्लाइडवर का ठेवला. महाराष्ट्राच्या पर्जन्याच्या नकाशाला 'रंगीत नकाशा, निळ्या छटा' असं वर्णन देणं म्हणजे काहीच न देणं. मी असं लिहीन: 'महाराष्ट्रातील वार्षिक पाऊस. कोकण किनाऱ्यावर सुमारे २,००० ते ३,५०० मिलिमीटर. सह्याद्रीच्या माथ्यावर सर्वाधिक, महाबळेश्वर व आंबोली येथे ५,००० च्या वर. घाट उतरून पूर्वेला एकदम घट, सोलापूर-अहिल्यानगर पट्ट्यात ५०० ते ७००. पुढे पूर्व विदर्भाकडे पुन्हा वाढ, गोंदिया-गडचिरोलीत १,२०० ते १,५००.' पाऊस पश्चिमेकडून पूर्वेकडे कसा बदलतो हे सांगायला तुम्ही तो नकाशा ठेवलात, तर वर्णनही पश्चिमेकडून पूर्वेकडे चालत गेलं पाहिजे. तोच नकाशा जिल्ह्यांच्या सीमा शिकवायला वापरलात तर वर्णन पूर्ण वेगळं होईल. म्हणून इंटरनेटवरून चित्राबरोबर आलेलं वर्णन तसंच ठेवू नका.

यापेक्षा लांब लिहायचं असेल तर ऑल्ट टेक्स्ट दोन-तीन वाक्यांत ठेवून बाकीचं नोट्समध्ये द्या. कोपऱ्यातलं महाविद्यालयाचं बोधचिन्ह, वेलबुट्टी, पानाफुलांची कडा यांना 'डेकोरेटिव्ह' अशी खूण करा, म्हणजे प्रत्येक स्लाइडवर ते पुन्हा पुन्हा ऐकावं लागणार नाही.

पण सर, वर्णनाने नकाशा पूर्ण भरून निघतो असं मी म्हणणार नाही. जागा आणि दिशा यांची जाण बोटांनीच येते. वर्षभर लागणारे चार-पाच मुख्य नकाशे उठावाचे करून घ्या. जाड पुठ्ठ्यावर बाह्यरेषेला सुतळी, नद्यांना बारीक दोरा, सह्याद्रीला वाळू किंवा रवा, गावांना मणी, सगळं फेविकॉलने चिकटवलेलं. वर्गातली मुलं आनंदाने करतात. दोन बोटांच्या टोकांना वेगळं जाणवेल इतकं अंतर ठेवा आणि एका नकाशावर एकच विषय घ्या. नद्या, पाऊस आणि पिकं एकत्र केली तर बोटाला फक्त खडबडीत पुठ्ठा लागतो. मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयात दृष्टिहीनांसाठीचं संसाधन केंद्र आहे, नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडही आहे. स्पर्शचित्रं आणि ब्रेलबाबत अशा ठिकाणी जाणकार माणसं भेटतात, त्यांना फोन करून विचारा.

तक्ते चित्र म्हणून चिकटवू नका. एक्सेलचा स्क्रीनशॉट म्हणजे पुन्हा नुसतं चित्र. पॉवरपॉइंटमध्येच तक्ता करा, वरची ओळ हेडर रो म्हणून निवडा, घरं एकमेकांत मिसळू नका. आठ स्तंभांचा तक्ता तर डोळस मुलांनाही मागच्या बाकावरून वाचता येत नाही, त्याचे दोन करा.

रंगाचं सांगते, कारण ते फक्त या दोघांपुरतं नाही. वर्गात अधू दृष्टीची मुलं असतातच, आणि लाल-हिरव्यात फरक न कळणारी मुलंही असतात, मुलींपेक्षा मुलग्यांत पुष्कळ जास्त. त्यातल्या अनेकांना स्वतःलाही ते माहीत नसतं. वेब सुलभतेचे जे जागतिक निकष आहेत त्यांनुसार साध्या आकाराच्या अक्षरांसाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर किमान ४.५ ला १ हवं, मोठ्या अक्षरांसाठी ३ ला १. आपल्याकडची आवडती जोडी, निळ्यावर लाल, जेमतेम २ ला १ भरते. पांढऱ्यावर पिवळं तर १ च्या आसपास, म्हणजे जवळजवळ अदृश्य. पांढऱ्यावर गडद निळं १६ पर्यंत जातं. आणि हे झालं संगणकाच्या पडद्यावरचं. खिडकीतून ऊन येणाऱ्या वर्गात जुन्या प्रोजेक्टरवर यातलं निम्मंही उरत नाही, म्हणून किमान निकषावर समाधान मानू नका. कलर कॉन्ट्रास्ट ॲनालायझर नावाचं मोफत साधन हे गुणोत्तर मोजून देतं.

नकाशात फक्त रंगावर अर्थ टांगू नका. जास्त पावसाला आडव्या रेषा, कमीला ठिपके, आणि शक्य तिथे आकडा प्रदेशावरच लिहा. बाजूच्या सूचीतला रंग नकाशातल्या रंगाशी जुळवत बसायला कोणालाच लावू नका.

अक्षराचा आकार इंग्रजीच्या हिशोबाने ठरवू नका. देवनागरीत वर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार आणि पाय मोडलेली अक्षरं, मध्ये शिरोरेघ. त्याच पॉइंटला ती जास्त दाट दिसते. मी २८ च्या खाली जात नाही, आणि ओळींतलं अंतर सव्वापट ते दीडपट ठेवते, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. देवनागरीला तिरका ठसा मुळात नाही, संगणक ती अक्षरं नुसती ढकलून वाकडी करतो. जोर द्यायचा असेल तर ठळक करा.

आता तुमच्या विद्यार्थिनीकडे येते. तिच्यासाठी स्लाइडमध्ये कमी आणि तुमच्या उभं राहण्यात जास्त बदल लागेल. श्रवणयंत्र चष्म्यासारखं नसतं, ते लावल्यावर सगळं स्पष्ट होत नाही. ते तुमच्या आवाजाबरोबर पंख्याचा आणि बाकांचाही आवाज मोठा करतं, आणि उरलेलं ती तुमच्या ओठांवरून भरून काढते. पडद्याकडे तोंड करून बोललात की ते तुटतं. प्रोजेक्टर नीट दिसावा म्हणून सगळे दिवे घालवले की तुमचा चेहराच दिसत नाही. पुढचा, तुमच्यावरचा दिवा चालू ठेवा.

आणि थांबा. याचा विचार फार कमी शिक्षक करतात. इतर मुलं स्लाइड बघता बघता तुमचं ऐकतात. तिला एका वेळी एकच करता येतं: स्लाइड वाचायची किंवा तुमच्या ओठांकडे बघायचं. नवी स्लाइड आली की ती वाचून होईपर्यंत गप्प राहा, मग बोला. सुरुवातीला ती शांतता अवघड वाटते. वर्ग मात्र तिला लवकर सरावतो, आणि वही लिहिणाऱ्या सगळ्यांनाच ती हवी असते. मागून कोणी प्रश्न विचारला तर उत्तराआधी तो प्रश्न मोठ्याने पुन्हा सांगा, मागचं तिला कळलेलं नसतं. व्हिडिओ लावाल तर उपशीर्षकांसह लावा. आपोआप होणारी मराठी उपशीर्षकं गावांची नावं आणि पारिभाषिक शब्द चुकवतात, 'पर्जन्यछाया'चं काहीही होऊ शकतं, म्हणून आधी स्वतः बघून दुरुस्त करा. ते जमलं नाही तर निवेदनाचा लिहिलेला मजकूर तिला आधी द्या. पुढे कधी भारतीय सांकेतिक भाषा वापरणारा विद्यार्थी आला तर दुभाषा लागेल, आणि त्याची जागा पडद्याच्या अगदी शेजारी, उजेडात.

अंध मुलासाठी तुमच्या बोलण्यात एकच बदल मागते. 'इथे बघा', 'हा जो भाग आहे', 'यापेक्षा हे कमी' ही वाक्यं बोट दाखवून पूर्ण होतात, कानाने नाही. 'इथे पाऊस कमी' म्हणण्याऐवजी 'महाबळेश्वरहून वीसेक किलोमीटर पूर्वेला, पाचगणीला, पाऊस साधारण एक तृतीयांशावर येतो' असं म्हणा. स्लाइड बदलली की तिचं शीर्षक बोला, म्हणजे तो त्याच्या लॅपटॉपवर तिथे पोचतो. यामुळे तास लांबत नाही. उलट मागच्या बाकावरचा, आणि त्या क्षणी वहीत मान घातलेला, दोघेही तुमच्याबरोबर राहतात.

ॲनिमेशन कमी करा, आपोआप पुढे सरकणाऱ्या स्लाइड बंद करा, आणि सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लुकलुकणारं काहीही नको, त्याने अपस्माराचा झटका येऊ शकतो. पीडीएफ द्यायची असेल तर सेव्ह ॲजमधून करा आणि ऑप्शन्समध्ये सुलभतेच्या टॅगची खूण चालू आहे ना ते बघा. प्रिंटच्या वाटेने केलेल्या पीडीएफमध्ये शीर्षकं आणि रचना गळून पडते. पण माझं मत विचाराल तर मूळ पॉवरपॉइंट फाईलच द्या, तो ती स्वतःला हवी तशी बदलून घेऊ शकतो.

सगळं झाल्यावर रिव्ह्यूमधलं चेक ॲक्सेसिबिलिटी चालवा. सुटलेलं शीर्षक, वर्णन नसलेलं चित्र, हे तो बरोबर दाखवतो. वर्णन आहे का एवढंच त्याला कळतं, ते खरं आहे का हे नाही. कृतिदेवातला मजकूरही तो बिनतक्रार पुढे जाऊ देतो. एकही त्रुटी नाही असं त्याने सांगितलं म्हणजे स्लाइड समजते असा अर्थ घेऊ नका.

प्राचार्यांना सांगा की नियम आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये २१ प्रकारची दिव्यांगत्वं धरली आहेत. सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शिक्षणसंस्थांनी विद्यार्थ्याच्या गरजेनुसार वाजवी सोय करून देणं कलम १६ मध्ये येतं, आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमातला मजकूर सुलभ स्वरूपात मिळण्याची तरतूद कलम ४२ मध्ये आहे. ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की सुलभतेचे निकष नुसते शिफारशीवजा ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारक करावे लागतील. पाठ्यपुस्तकातली पानं त्या मुलासाठी वाचता येतील अशी करून दिली तर स्वामित्वहक्काचा भंग होईल का, ही शंकाही कोणी काढेल. २०१२ च्या दुरुस्तीनंतर स्वामित्वहक्क कायद्यातच दिव्यांगांसाठी सुलभ प्रत करायला मुभा आहे.

जुन्या स्लाइड टाकू नका आणि सगळ्या एकदम हातातही घेऊ नका, दमून सोडून द्याल. या सत्रातलं पुढचं एक प्रकरण घ्या. त्याचा फॉन्ट बदला, शीर्षकं आणि क्रम लावा, नकाशांची वर्णनं लिहा. मग त्या मुलाला शेजारी बसवून, इअरफोन न लावता, त्याच्या लॅपटॉपवर ती फाईल सुरुवातीपासून ऐका. कुठे अडतं ते तो सांगेल. त्याच बैठकीत त्या मुलीलाही विचारा की कुठल्या बाकावरून तुमचा चेहरा आणि पडदा दोन्ही नीट दिसतात. बाकीची प्रकरणं ज्या त्या आठवड्यात, शिकवायच्या आधी दुरुस्त करत चला.